परतलेली भाजी: तेल, पाणी आणि झाकण

तेलात परतलेली भाजी जड आणि उकडलेली तेवढी पथ्याची, ही समजूत इतकी रुजलेली आहे की फरसबी किंवा कोबी भरपूर पाण्यात शिजवून ते पाणी मोरीत ओतणे हीच आरोग्याची काळजी समजली जाते. वस्तुस्थिती बरीचशी उलट आहे. क जीवनसत्त्व आणि फोलेट, म्हणजे पालेभाज्यांत विशेष आढळणारे ब गटातील एक जीवनसत्त्व, ही दोन्ही पाण्यात विरघळत असल्याने त्यांचा बराच अंश त्या पाण्याबरोबर जातो; उष्णतेनेही ती घटतात हे खरे, पण बारीक चिरलेली भाजी पाच-सात मिनिटांत परतून होते, तेव्हा आचेचा काळ थोडा असतो आणि टाकून द्यायला पाणी उरतच नाही. अपवाद पालकाचा: त्यातील ऑक्झलेट हे कॅल्शियमला बांधून ठेवणारे आणि काहींच्या मुतखड्यात भर घालणारे द्रव्य उकळत्या पाण्यात उतरते, म्हणून ज्यांना ते टाळायचे आहे त्यांनी पालकाचे पाणी टाकणेच बरे.

तेल पूर्ण वर्ज्य करण्याचा हट्टही तितकासा शहाणपणाचा नाही. गाजर व मेथी यांतील कॅरोटीन, ज्यापासून शरीर अ जीवनसत्त्व तयार करते, स्निग्ध पदार्थासोबतच नीट शोषले जाते. पाच मिलिलिटरच्या चमचाभर तेलातून सुमारे ४० किलोकॅलरी मिळतात. चौघांच्या भाजीला असे दोन चमचे पुरतात, आणि दोष द्यायचाच तर तो भाजीवर तरंगणाऱ्या तवंगाला द्यावा.

सर्वांत जास्त गोंधळ पाण्याचा आहे. पाणी घातल्याशिवाय भाजी शिजत नाही असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात कोबीच्या वजनात ९० टक्क्यांहून अधिक पाणीच असते, ते फक्त कढईतून निसटू द्यायचे नसते. झाकणाच्या ताटलीत पाणी ठेवण्याची जुनी रीत नेमके हेच साधते: पाण्यामुळे थंड राहिलेल्या ताटलीला खालून वाफ लागते, तिचे थेंब होऊन भाजीत परततात, आणि भाजीत ओल असेतो तिचे तापमान १०० अंश सेल्सियसच्या फारसे वर जात नसल्याने ती करपत नाही. त्यातूनही तळ लागू लागलाच, तर ताटलीतले पाणी एव्हाना कढत झालेले असते, त्यामुळे ते घातल्यावर भाजीची वाफ मोडत नाही.

मात्र झाकण फार वेळ ठेवले की फरसबी शेवाळी दिसू लागते. भाजीतून सुटणारी आम्ले वाफेबरोबर निघून न जाता आतच कोंडतात आणि हरितद्रव्यातील मॅग्नेशियम हिसकावून घेतात. म्हणून एकच दणदणीत वाफ आणून पुढे उघड्यावर परतावे. चिमूटभर खाण्याचा सोडा घालून रंग राखता येतो खरा, पण त्याच्या अल्कधर्मी गुणाने क जीवनसत्त्व व थायामिन, म्हणजे ब-१, अधिक नष्ट होते आणि शेंगेचा लगदा होतो. हा सौदा तोट्याचाच.

मोठ्या आचेने भाजी आपोआप खमंग होते, हेही अर्धेच खरे आहे, कारण कढई काठोकाठ भरली असेल तर सुटणारे पाणी आटण्यापेक्षा वेगाने साचते आणि भाजी परतली न जाता त्यातच उकडते. मीठही पेशींतले पाणी बाहेर ओढते, त्यामुळे ते उशिरा घालावे, आणि पालेभाजीत तर नक्कीच, कारण मेथीच्या चिरलेल्या ढिगाकडे पाहून घातलेले मीठ ती मूठभर झाल्यावर हमखास जास्त होते.