बातमीला वऱ्हाडी जबाब

१ जुलै २००६ रोजी पंतप्रधानांनी विदर्भातल्या सहा जिल्ह्यांतल्या शेतकऱ्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर केलं. अकोला त्यात होता, म्हणजे आमचं बाळापूरही. त्याच सुमारास इंग्रजी वाहिनीवर सायरस ब्रोचा आणि कुणाल विजयकर 'द वीक दॅट वॉजन्ट'मधून आठवड्याच्या बातम्यांची टर उडवू लागले होते. पॅकेजचं काय झालं, हे आमच्या बोलीत विचारणारं मात्र टीव्हीवर कोणी नव्हतं.

ते काम कविसंमेलनाच्या मंचावर चाललं होतं. डॉ. मिर्झा रफी अहमद बेग उभे राहिले की मंडपात आधी हशा व्हायचा, मग एकदम सामसूम. शेतकऱ्याचं कर्ज, हुंडा, हिंदू-मुसलमानांतली तेढ, पुढाऱ्यांची आश्वासनं, सगळं ते वऱ्हाडीतून मांडत. 'डोळे'चं 'डोये' झालं की पुढ्यातल्या माणसाला कळायचं, हा आपला आहे. मग तो बोचरं बोलणंही ऐकून घ्यायचा. त्यांच्या कवितांच्या कार्यक्रमाची 'मिर्झा एक्स्प्रेस' गावोगाव फिरली, 'मिर्झाजी कहीन' सदरातून वाचकांपर्यंतही पोचली. नोव्हेंबर २०२५ मध्ये ते गेले. बाळापूरसारख्या मिश्र वस्तीच्या गावाला या माणसाचं मोल वेगळं सांगावं लागत नाही.

टीव्हीवर 'घडलंय बिघडलंय'ने राजकारणाला ग्रामीण ढंगाचे चिमटे काढले, पुढे 'फू बाई फू' आलं. २०१४ च्या ऑगस्टमध्ये 'चला हवा येऊ द्या' सुरू झालं आणि अमरावतीकडच्या भारत गणेशपुरेंची वऱ्हाडी घरोघरी पोचली. याचं अप्रूप मला अजून आहे. सिनेमा-मालिकांत फार वर्षं गडी नाहीतर गावंढळ पाहुणा यांच्याच तोंडी असलेली बोली आता आघाडीच्या नटाची झाली. याच कार्यक्रमात सागर कारंडे पोस्टमनच्या खाकी वेशात अरविंद जगताप यांनी लिहिलेली पत्रं वाचायचे. दुष्काळ, शेती, म्हातारे आईबाप. हसायला बसलेली माणसं डोळे पुसायची. बातमीच्या सगळ्यात जवळ हा कार्यक्रम गेला तो या पत्रांत. बाकीचा बराच वेळ सिनेमांच्या जाहिरातीत गेला, हे मला कायम खटकलं. मार्च २०२४ मध्ये ते पर्व संपलं.

मधल्या काळात बातम्या थांबल्या नव्हत्या. एप्रिल २०२३ मध्ये बाळापूरचे आमदार नितीन देशमुख ६९ गावांच्या पाणीयोजनेवरची स्थगिती उठवा म्हणून खारपाणपट्ट्यातलं खारं पाणी सोबत घेऊन, कार्यकर्त्यांसह नागपूरकडे पायी निघाले. नागपूरजवळ पोलिसांनी त्यांना अडवलं. आमदार कोणत्याही पक्षाचा असो, खारं पाणी पिणारी गावं त्याच्याआधीपासून आहेत. ते पाणी टेबलावर ठेवून, सत्तेतल्या आणि विरोधातल्या दोघांनाही 'काऊन बापा, आतापर्यंत कुटी होते?' असं विचारणारा तासाभराचा कार्यक्रम तेव्हाच हवा होता. नट आहेत, कवी आहेत, बोली आता साऱ्या महाराष्ट्राला कळते. मराठी वाहिन्यांनी अकोला-अमरावतीकडच्या चार माणसांना आठवड्यातून एक रात्र द्यावी आणि नावं घ्यायची मोकळीकही द्यावी.