पुढच्या काचेवरचा एक बारीक तडा हातानं बांधलेल्या स्पोर्ट्स कारला एवढा महाग का पडतो?

धाराशिवहून सोलापूरकडे निघालं की तुळजापूरच्या अलीकडे-पलीकडे कुठेतरी एक हायवा हमखास पुढे येतो. मागचं फाळकं नीट लागलेलं नसतं, वर ताडपत्री नसते आणि प्रत्येक खड्ड्याला चार-दोन खडे रस्त्यावर सांडत असतात. त्यातला एखादा खडा टायरखाली येऊन उडतो, "टक्" असा आवाज होतो आणि पुढच्या काचेवर वाटाण्याएवढी चांदणी उमटते. नेहमीच्या कारचा मालक शिवी हासडतो आणि आठवडाभरात काचवाल्याकडे जातो. पण गाडी हौसेनं बांधून घेतलेली दोन सीटची ओपन स्पोर्ट्स कार असेल, तर तिथून एक वेगळीच कटकट सुरू होते. तिची काच कोणत्याच दुकानात तयार मिळत नाही.

किट कार म्हणजे सुट्ट्या भागांतून स्वतः जोडलेली गाडी. या प्रकारातलं सगळ्यात गाजलेलं नाव म्हणजे लोटस सेव्हन. कॉलिन चॅपमन यांनी 1957 मध्ये ती बाजारात आणली. त्या काळी ब्रिटनमध्ये तयार गाडीवर खरेदी कर लागायचा, सुट्ट्या भागांच्या संचावर लागायचा नाही. त्यामुळे लोक पेट्या घरी आणून गॅरेजमध्ये गाडी जोडायचे. सोबत जोडणीची पुस्तिका द्यायला बंदी होती, म्हणून कंपनी "गाडी खोलायची कशी" याची पुस्तिका द्यायची आणि लोक ती शेवटाकडून वाचायचे, असा एक किस्सा सांगितला जातो. 1973 मध्ये या गाडीचे हक्क केटरहॅमकडे गेले आणि तिच्या धाटणीच्या गाड्या आजही बनतात.

आपल्याकडे अशी संस्कृती रुजली नाही, पण हौस मात्र आहे. 1990 च्या दशकाच्या अखेरीस गोव्यात सॅन स्टॉर्म नावाची फायबरच्या बॉडीची, रेनॉच्या इंजिनाची दोन सीटची कार बनली. दिलीप छाब्रिया यांची अवंती 2012 च्या दिल्लीतल्या ऑटो एक्स्पोत झळकली. आणि सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावच्या दत्तात्रय लोहार यांनी भंगारातून बनवलेली, दुचाकीसारखी किक मारून सुरू होणारी जीप तर 2021 च्या डिसेंबरात देशभर पोहोचली. आनंद महिंद्रा यांनी त्या जीपच्या बदल्यात त्यांना बोलेरो देऊ केली होती. ही गाडी नियमांत बसत नाही, हेही महिंद्रा यांनी त्याच वेळी सांगितलं होतं. हा मुद्दा काचेच्या बाबतीतही आडवा येतो.

आधी काच काय चीज आहे ते पाहू. गाडीत दोन प्रकारच्या काचा असतात. बाजूच्या आणि मागच्या काचा सहसा टफन्ड असतात. काच सुमारे 620 अंशांपर्यंत तापवतात आणि हवेच्या झोतानं झटकन थंड करतात. बाहेरचा थर आधी आकसून घट्ट होतो, आतला मागाहून आकसतो, त्यामुळे पूर्ण काचेत कायमचा ताण साठून राहतो. अशी काच मजबूत असते, पण फुटली की एका क्षणात तिचे ज्वारीच्या दाण्यांसारखे बारीक तुकडे होतात.

पुढची काच लॅमिनेटेड असते. म्हणजे सुमारे दोन-दोन मिलिमीटरच्या दोन काचा आणि त्यांच्या मधोमध पॉलिव्हिनिल ब्युटिरल या प्लास्टिकचा पाऊण मिलिमीटरचा पापुद्रा. काच तडकली तरी तुकडे त्या पापुद्र्याला चिकटून राहतात. ही कल्पना एदुआर बेनेडिक्टस या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाला 1903 मध्ये सुचली असं सांगतात. प्रयोगशाळेत त्याच्या हातून काचेचा चंबू पडला, तडकला, पण विखुरला नाही, कारण आतून सेल्युलोज नायट्रेटचा थर वाळून बसला होता. 1909 मध्ये त्यानं पेटंट घेतलं.

मग तडा वाढतो कसा? 1921 मध्ये ग्रिफिथ या ब्रिटिश अभियंत्यानं याचं गणित मांडलं. काचेवरचा ताण तड्याच्या टोकाशी एकवटतो, आणि तडा जितका लांब तितका तो कमी ताणातही पुढे सरकतो. म्हणूनच आठवडाभर तीळभर असलेली रेघ एका सकाळी हातभर झालेली दिसते. त्यात ओलावा भर घालतो. पाण्याचे रेणू तड्याच्या टोकाशी काचेतले बंध तोडायला मदत करतात, त्यामुळे ओल्या तड्याची वाढ कोरड्यापेक्षा जलद होते. पावसाळ्यात तडा "आपोआप" वाढल्यासारखा वाटतो, त्यामागे हेही एक कारण आहे.

धाराशिवचा उन्हाळा या सगळ्यावर मीठ चोळतो. मे महिन्यात दुपारी उभी ठेवलेली गाडी घ्या. काचेचा मधला भाग हाताला चटका बसेल इतका तापतो, पण रबराखाली आणि फ्रेममध्ये लपलेली कड तुलनेनं थंड राहते. मधला भाग फुगू पाहतो, कड त्याला धरून ठेवते, आणि कडेवर ओढ बसते. दाब काच सहज सोसते, ओढ तिला सोसत नाही. त्यातच कुणी गाडीत बसल्या बसल्या एसीचा थंड झोत काचेवर सोडला किंवा धूळ घालवायला बादलीभर गार पाणी मारलं, तर आधीच टचकलेली काच तिथेच "चर्र" करते.

हातानं बांधलेल्या गाडीत यापलीकडचे दोन दोष असतात. पहिला उभेपणाचा. नेहमीच्या कारची काच तिरकी असते, त्यामुळे पुष्कळदा खडा घसरून वर निघून जातो. लोटस सेव्हनसारख्या गाड्यांची काच बुटकी, सपाट आणि जवळजवळ उभी असते, जुन्या जीपचीही तशीच. खडा थेट समोरून बसतो. आघाताची ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. तुमची गाडी 80 च्या वेगात आणि समोरच्या गाडीनं उडवलेला खडा 60 च्या वेगानं तुमच्याकडे येत असेल, तर काचेला तो 140 नं बसतो. 70 च्या धडकेच्या तुलनेत हा फटका दुप्पट नाही, चौपट असतो.

दुसरा दोष फ्रेमचा, आणि लोकांचे पैसे खरे इथे जातात. वर छप्पर नसलेल्या गाडीची चासी खड्ड्यातून जाताना पिळवटते. कंपनीची कन्व्हर्टिबल असेल तर त्यासाठी खालून जादा मजबुती दिलेली असते. गावात वेल्डिंग करून बनवलेल्या ट्यूबच्या चासीत ती बहुतेकदा नसते. काच दोन खांबांत बोल्टनं आवळलेली, चासी एका बाजूला पिळली की खांब हलतात, आणि वाकायला नकार देणारी काच कोपऱ्यातून तडकते. त्यातच फ्रेममध्ये वेल्डिंगचा एखादा गाठोडा राहिलेला असेल, रबर एका ठिकाणी पातळ असेल किंवा बोल्ट हौसेनं जरा जास्तच आवळलेला असेल, तर खड्याचीही गरज नसते.

म्हणून नवी काच शोधण्याआधी जुनी कशानं गेली ते बघावं. तड्याचा उगम शोधून त्यावर बॉलपेनचं टोक हळूच फिरवा. टोक खळग्यात अडकलं तर तो खड्याचा मार. खळगा नाही आणि रेघ थेट कडेपासून निघाली आहे, तर तो ताणाचा किंवा उष्णतेचा तडा. आणि काच बदलल्यावर दुसरीही त्याच कोपऱ्यातून गेली, तर काचवाल्याशी भांडण्यात अर्थ नाही. तिसरी काच आणायच्या आधी गाडी वेल्डरकडे न्यावी लागते.

खड्याचा मार असेल आणि चांदणी रुपयाच्या नाण्याएवढी किंवा त्याहून लहान असेल, तर ती बऱ्याचदा दुरुस्त होते. काचवाला चांदणीवर छोटं यंत्र बसवून आतली हवा ओढून काढतो, मग पातळ रेझिन दाबून भरतो आणि अतिनील दिव्यानं ते घट्ट करतो. या रेझिनमधून प्रकाश जवळपास काचेसारखाच वळतो, त्यामुळे डाग पुसट होतो. पूर्ण नाहीसा मात्र होत नाही, तसं सांगणाऱ्यावर फार विश्वास ठेवू नये. एक अट आहे. खळग्यात धूळ आणि पाणी जायच्या आत हे व्हायला हवं. लातूर किंवा सोलापूर गाठायला दोन दिवस लागणार असतील, तर तोपर्यंत चांदणी कोरड्या कपड्यानं टिपून वर पारदर्शक टेप लावून ठेवावी. फेविक्विक भरू नये. ते पसरतं, घट्ट होतं आणि मग रेझिनला आत जायला वाटच उरत नाही. तडा कडेपर्यंत पोहोचला असेल, चालकाच्या डोळ्यांसमोर असेल किंवा आतल्या काचेलाही गेला असेल, तर दुरुस्तीचा नाद सोडावा.

चालकाच्या डोळ्यांसमोरचा तडा दिवसा त्रास देत नाही, म्हणून लोक तो चालवून घेतात. उमरग्याहून नळदुर्गमार्गे सोलापूरकडे संध्याकाळी येऊन पाहा. हा रस्ता पश्चिमेकडे जातो, सूर्य समोर कलतो आणि प्रत्येक रेघ उजेडाची काडी होऊन डोळ्यात घुसते. उसाच्या हंगामात त्याच वेळी पुढे दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर असतो, मागे दिवा नसतो आणि रिफ्लेक्टर चिखलानं माखलेला असतो.

काच बदलायचीच ठरली तर सपाटपणा हा या गाड्यांचा दोष इथे फायद्याचा ठरतो. सपाट लॅमिनेटेड काच मोठ्या पत्र्यातून कापून मिळते. कारागीर दोन्ही बाजूंनी हिऱ्यानं रेघ ओढतो, दोन्ही काचा तडकवतो आणि मधला पापुद्रा ऊब देऊन पात्यानं कापतो. टफन्ड काच अशी कापता येत नाही, हिरा लागताच तिचा चुरा होतो. काच वळणदार असेल तर मात्र साचा लागतो, आणि एका काचेसाठी साचा करणं परवडत नाही. म्हणून शहाणे बांधणारे आधी एखाद्या खपाऊ गाडीची काच निवडतात आणि फ्रेम तिच्या मापानं बनवतात. सॅन स्टॉर्म किंवा अवंतीसारखी उत्पादन थांबलेली गाडी सांभाळणाऱ्याला ही सोय नसते.

कापताना जाड पुठ्ठ्याचा नमुना द्यावा आणि फ्रेमपेक्षा चहूबाजूंनी तीन-चार मिलिमीटर कमी ठेवावं. कडा घासून गुळगुळीत करून घ्याव्यात, कारण कडेवरची ठिकरी म्हणजेच उद्याचा तडा. काच आणि लोखंड यांची कुठेही गाठ पडता कामा नये, मध्ये रबर हवंच.

इथे एक मोह होतो. घराच्या खिडकीची साधी काच किंवा ॲक्रिलिकची शीट बसवून काम भागवायचा. साधी काच फुटली तर सुऱ्यांसारखे लांब तुकडे होतात, आणि या गाड्यांत तोंड काचेपासून हातभर अंतरावर असतं. ॲक्रिलिक फुटत नाही फारसं, पण वायपर आणि धूळ मिळून महिन्याभरात त्यावर जाळं करतात. दुकानाच्या शोकेससाठी येणारी लॅमिनेटेड काचही चालत नाही. गाडीसाठीच्या सुरक्षा काचेवर आयएस 2553 भाग 2 या मानकाची खूण कोपऱ्यात छापलेली असते, तीच मागावी. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम 100 नुसार पुढच्या आणि मागच्या काचेतून किमान 70 टक्के आणि बाजूच्या काचेतून 50 टक्के प्रकाश आरपार गेला पाहिजे.

आता महिंद्रांनी सांगितलेला मुद्दा. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार नोंदणीकृत गाडीत उत्पादकाच्या मूळ रचनेपासून वेगळा बदल करता येत नाही. 2019 च्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलाला 5,000 रुपयांपर्यंत दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. फुटलेल्या काचेजागी तशीच काच बसवणं हा बदल नव्हे. पण जुन्या हॅचबॅकचं छप्पर कापून तिला बुटकी काच लावली, तर ती गाडी कागदावर एमएच 25 ची असली तरी कायद्याच्या नजरेत वेगळी झाली. आणि सगळी गाडीच हातानं बांधलेली असेल तर मान्यताप्राप्त संस्थेची चाचणी झाल्याशिवाय नोंदणी नाही, नोंदणीशिवाय विमा नाही. अशी गाडी शेतातल्या खासगी वाटेपुरतीच राहते.

नोंदणी आणि पूर्ण विमा असलेल्या गाडीला मात्र एक दिलासा आहे. दाव्यात काचेवर घसारा कापला जात नाही, तर फायबरच्या भागांवर 30 टक्के आणि रबर-प्लास्टिकवर 50 टक्के कापला जातो. म्हणजे फायबरच्या बॉडीच्या स्पोर्ट्स कारला बॉनेटपेक्षा काचेची भरपाई जास्त चांगली मिळते. तरी 1500 सीसीपर्यंतच्या गाडीला पहिले 1,000 रुपये आणि त्यावरच्या गाडीला 2,000 रुपये मालकालाच भरावे लागतात. शिवाय एका दाव्यानं नो क्लेम बोनस जातो, आणि तो 50 टक्क्यांपर्यंत साठलेला असू शकतो. चांदणी भरून घ्यायची असेल तर खिशातून द्यावेत. पूर्ण काच जाणार असेल तर आधी पुढच्या वर्षीचा हप्ता बोनससकट आणि बोनसशिवाय किती येतो ते विचारून घ्यावं, आणि मगच दावा टाकावा.