घरबसल्या विक्री आणि बाजाराची दलाली

सावंतवाडीच्या चितार आळींत गेलां तर रंगविलेलीं लांकडी फळें, बैलगाड्या आणि बाहुल्या यांची आरास दृष्टीस पडते. हा माल येणाऱ्याजाणाऱ्या प्रवाशांच्या हौसेवर विकला जाई. आतां अमेझॉन, फ्लिपकार्ट, मीशो इत्यादि ऑनलाइन बाजारांतून तोच माल नागपूरच्या गिऱ्हाइकाच्या दारीं पोंचूं शकतो. ही सोय लहान नव्हे. परंतु ती फुकटहि नव्हे, आणि तिचें मोल कोणत्या वाटांनीं वसूल होतें हें पुष्कळ कारागिरांच्या ध्यानांत येत नाहीं. तेवढेंच आज सांगावयाचें आहे.

अडत आणि हमाली हे शब्द शेतकरी बंधूंस नवे नाहींत. येथें अडतीच्या जागीं कमिशन असतें, हमालीच्या जागीं पार्सलाचें भाडें. शिवाय दर विक्रीमागें कांहीं ठराविक रक्कम कापली जाते, तिला बहुधा क्लोझिंग फी म्हणतात. या सर्व आकारांवर पुन्हां शेंकडा १८ जीएसटी. एक गोष्ट मात्र पक्की लक्षांत ठेवावी: कमिशन तुमच्या नफ्यावर नव्हे, तर विक्रीच्या संपूर्ण किंमतीवर घेतलें जातें.

हिशेबासाठीं कांहीं आकडे कल्पूं. दर बाजारागणिक आणि मालागणिक बदलतात, तेव्हां हे केवळ नमुन्याचे समजावे. खेळण्यांचा एक संच ४०० रुपयांस विकला. लांकूड १२० रुपयांचें, रंग व खोकें ३० रुपयांचें, आणि कारागिराची मजुरी ८० रुपये. एकूण २३० रुपये. वरकरणी १७० रुपये उरले. आतां शेंकडा १० प्रमाणें कमिशन ४० रुपये, ठराविक फी २० आणि भाडें ८०, मिळून १४०. त्यांवर जीएसटी २५ रुपये २० पैसे. उरले ४ रुपये ८० पैसे! अशा १० संचांपैकीं एक परत आला, आणि जातांनाचें भाडें माफ झालें असें मानूनहि परतीचें भाडें करासह ९४ रुपये ४० पैसे पडलें, तर बाकीच्या नऊ संचांची ४३ रुपये २० पैशांची मिळकत त्यांत बुडून वर ५१ रुपये २० पैसे पदरचे जातात. पुष्कळ कारागीर आपली मजुरी हिशेबांत धरीतच नाहींत. त्यामुळें हा तोटा त्यांना नफाच वाटतो. वस्तुतः ते आपले श्रम कमी मोलानें विकीत असतात.

यावर उपाय काय? पहिला उपाय खोक्यांत आहे. पार्सल जड नसलें तरी मोठें असल्यास त्याचें वजन आकारमानावरून धरतात. लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरांत मोजून गुणावयाची आणि गुणाकारास सामान्यतः ५००० नें भागावयाचें, कीं किलो निघतात. ३० बाय २५ बाय २० चें खोकें म्हणजे ३ किलो, मग आंत पाऊण किलोचेंच खेळणें कां असेना. तेंच २५ बाय २० बाय १० च्या खोक्यांत बसलें तर १ किलो. बैलगाडीचीं चाकें सुटीं करून देतां आलीं तर किती फरक पडेल पाहा. सुतारकाम करणाऱ्यास हें मीं काय सांगावें!

दुसरा उपाय जोडविक्रीचा. वरच्याच दोन संचांची एकत्र विक्री ८०० रुपयांस केली, आणि भाडें वाढून ११० झालें असें धरलें, तरी ठराविक फी एकदांच पडते. सर्व खर्च व मजुरी वजा जातां ९२ रुपये २० पैसे हातीं राहतात, म्हणजे संचामागें ४६ रुपये १० पैसे. किंमत एक पैसाहि वाढविलेली नाहीं.

कमिशन माफ असल्याच्या जाहिराती वाचून हुरळून जाऊं नये. मीशोनें २०२१ सालीं शून्य कमिशनाची पद्धति सुरू केली. अमेझॉननें एप्रिल २०२५ पासून ३०० रुपयांच्या आंतील अनेक प्रकारच्या मालावरील रेफरल फी काढून टाकली. लहान विक्रेत्याच्या दृष्टीनें हें चांगलेंच झालें. परंतु भाडें, परतीचा खर्च आणि माल पुढें दिसावा म्हणून द्यावयाचे जाहिरातीचे पैसे हीं कलमें राहतातच.

कराविषयीं थोडें सांगतों. १ ऑक्टोबर २०२३ पासून ४० लाखांच्या आंत उलाढाल असलेल्या विक्रेत्यास आपल्या राज्यापुरता माल जीएसटी नोंदणीवांचून या बाजारांत विकतां येतो. त्याला पॅनच्या आधारें केवळ एक नांवनिशी क्रमांक घ्यावा लागतो. नोंदणी नसल्यानें फीवरील कराची वजावट मात्र त्याला मिळत नाहीं, म्हणून वरच्या हिशेबांत तो कर खर्चांत धरला. नोंदणी केलेल्याच्या रकमेंतून १० जुलै २०२४ पासून शेंकडा अर्धा रुपया आगाऊ जीएसटी म्हणून कापला जातो. ती फी नव्हे. ती त्याच्या नांवें सरकारांत जमा होते, आणि विवरणपत्र भरून मिळवावी लागते.

शेवटीं, बाजाराकडून जो रकमेचा तक्ता येतो तो प्रत्येक वेळीं ओळीओळीनें तपासावा. वजन अधिक लावलेलें आढळल्यास तक्रारीची सोय असते, पण तिला मुदत असते; यासाठीं पार्सल बंद करण्यापूर्वीं तराजूवर आणि मोजपट्टीसह त्याचें छायाचित्र काढून ठेवावें.