बंडाचाही आराखडा!

गाजलेल्या चित्रपटाचा पुढचा भाग निराशा करतो, यात नवल काहीच नाही. पहिल्या भागाची पुण्याई खर्चून गल्ला भरण्याचा तो सोपा मार्ग असतो. २००३ साली सहा महिन्यांच्या अंतराने आलेल्या ‘द मॅट्रिक्स रीलोडेड’ आणि ‘द मॅट्रिक्स रिव्होल्यूशन्स’ या चित्रपटांची गोष्ट मात्र निराळी आहे. कल्पनेच्या दारिद्र्याने हे चित्रपट फसले नाहीत; हाती आलेली मोठी कल्पना पेलवली नाही म्हणून ते फसले.

वाचोव्स्की भावंडांच्या १९९९ मधील मूळ चित्रपटाचे सूत्र सुटसुटीत होते. माणसे यंत्रांच्या कैदेत आहेत. त्यांच्या शरीरांतून यंत्रे ऊर्जा मिळवतात आणि त्यांची मने गुंतून राहावीत म्हणून संगणकाने रचलेले आभासी जग त्यांना खरे म्हणून दाखवले जाते. निओ हा तरुण त्या आभासातून जागा होतो आणि बंड पुकारतो. मायेचा पडदा, जागृती या गोष्टी कीर्तन-प्रवचनांतून ऐकत आलेल्या मराठी प्रेक्षकाला हे सूत्र फारसे परके वाटण्याचे कारण नव्हते.

याच चित्रपटात निओ एका पोकळ केलेल्या पुस्तकात आपल्या डिस्क लपवतो. ते पुस्तक म्हणजे फ्रेंच विचारवंत ज्याँ बोद्रियार यांचे १९८१ मधील ‘सिम्युलाक्रा अँड सिम्युलेशन’. आधुनिक जगात प्रतिमा वास्तवाच्या मागून येत नाही, ती वास्तवाच्या आधी येते आणि मग खरे-खोटे ही सीमाच पुसली जाते, असे त्यांचे प्रतिपादन होते.

हा काहीसा अवघड विचार समजून घेण्यासाठी महाराष्ट्रात लवासाइतके सोयीचे उदाहरण क्वचितच सापडेल. मुळशीच्या डोंगरांत, वरसगाव धरणाच्या जलाशयाकाठी उभी असलेली दासवे येथील रंगीत इमारतींची रांग इटलीतील पोर्टोफिनो गावावरून बेतलेली आहे. पोर्टोफिनोला त्याचे रूप तेथील कोळ्यांच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या वस्तीतून मिळाले. दासव्यात रूप आधी उभे राहिले. त्यात राहणारी माणसे नंतर यायची होती. कारभाराचेही तसेच. २००८ मध्ये राज्य सरकारने विशेष नियोजन प्राधिकरणाचे अधिकार प्रकल्प उभारणाऱ्या कंपनीलाच दिले. म्हणजे शहर बांधणारा आणि त्याच्या नियोजनाचे नियम ठरवणारा एकच.

‘रीलोडेड’मध्ये निओची गाठ पडते ती अशाच एका नियोजनकर्त्याशी. पांढऱ्या दाढीचा हा ‘आर्किटेक्ट’ शांतपणे सांगतो, की निओ हा पहिला तारणहार नव्हे, सहावा आहे. आभासी जग न स्वीकारणारी मूठभर माणसे प्रत्येक आवर्तनात निघतातच. त्यांना जमायला झायन हे शहर असते, ते ठरावीक काळाने नष्ट केले जाते आणि तारणहाराच्या हातून पुन्हा वसवले जाते. थोडक्यात, बंड हा व्यवस्थेला गेलेला तडा नसून तिच्यातील वाफ सोडण्याची झडप आहे.

विज्ञानपटांत इतका धारदार प्रश्न क्वचितच विचारला गेला असेल. बंडखोरच आराखड्याचा भाग असेल, तर मुक्ती कशाला म्हणायचे? दुर्दैवाने हा खुलासा एका लांबलचक, बोजड भाषणात उरकला जातो. ‘रिव्होल्यूशन्स’ तर प्रश्नाकडे पाठच फिरवतो. झायनच्या गोदीतील प्रदीर्घ लढाईत आभासी जग बाजूला पडते. शत्रूही बदलतो, व्यवस्थेऐवजी तिच्या हाताबाहेर गेलेला स्मिथ हा प्रोग्राम खलनायक ठरतो. त्याला संपवण्यासाठी निओ यंत्रांशीच तह करतो. बाहेर पडू इच्छिणाऱ्यांना वाट मिळते; मात्र आभासी जगाचा कारखाना चालूच राहतो. प्रेक्षकांनीही कौल दिला. ‘रीलोडेड’ने जगभरात सुमारे ७४ कोटी डॉलर मिळवले, तर ‘रिव्होल्यूशन्स’ ४३ कोटींच्या आसपासच थांबला.

२०२१ मधील ‘द मॅट्रिक्स रिसरेक्शन्स’ने ही हार जवळजवळ मान्यच केली. त्यात निओ व्हिडिओ गेम तयार करतो आणि त्याचे बंड हाच त्या गेमचा विषय असतो. बंड विकाऊ माल झाल्याची ही कबुली बोचरी होती. पण तिच्यापुढे जाण्याचे बळ त्याही चित्रपटात नव्हते.

लवासाचा पुढील इतिहास या प्रश्नाचे निराळे उत्तर देतो. तेथील आराखड्याला आव्हान मिळाले ते आराखड्यात ज्यांची नोंदच नव्हती त्यांच्याकडून. जमिनीच्या व्यवहारांबद्दल गावकऱ्यांनी तक्रारी केल्या, मेधा पाटकर यांच्यासारखे कार्यकर्ते त्यांच्या बाजूने उभे राहिले. पर्यावरणविषयक परवानगीच्या मुद्द्यावर केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने नोव्हेंबर २०१० मध्ये काम थांबवले. वर्षभराने सशर्त मंजुरी मिळाली. पुढे कर्जाचा भार असह्य होऊन २०१८ मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. सातबारा, कायदा आणि कर्ज या तिन्ही गोष्टी रंगीत चित्राबाहेरच्या होत्या आणि म्हणूनच त्यांना चित्र अडवता आले.

‘मॅट्रिक्स’च्या उत्तरार्धाला नेमके हेच सापडले नाही. आराखडा कितीही चोख असला, तरी त्याच्याखाली कोणाची तरी जमीन असते. निओला विलक्षण शक्ती मिळाल्या, अनुयायी मिळाले, प्रेमही मिळाले. पाय रोवायला जमीन तेवढी मिळाली नाही.