आंबवलेला कोबी: मीठ मुठीने नको, वजनाने घ्या



कोबीला भाव नसला की सगळेच गड्डे बांधावर टाकू नका, चार-पाच घरी ठेवून आंबवून बघा, असं मागे सांगितलं होतं. बऱ्याच जणांनी केलं. काहींचा छान आंबट, कुरकुरीत झाला. एका ताईंचा मात्र आठवड्यात लिबलिबीत होऊन वास मारायला लागला. दुसऱ्या एका घरी पंधरा दिवस झाले तरी कोबी आपला नुसता खारट. विचारलं तर दोन्हीकडे मीठ "अंदाजाने" घातलेलं.

हा अंदाज आपल्याला कैरीच्या लोणच्याने लावलाय. तिथे मीठ सढळ हाताने घालतात, कमी पडलं की लोणचं बिघडतं. कोबीचं तसं नाही. दही लावणाऱ्या जिवाणूंचे भाऊबंद कोबीच्या पानांवर आधीपासूनच असतात. ते कोबीतली साखर खाऊन आम्ल तयार करतात आणि त्या आम्लावर कोबी टिकतो. मिठाने फक्त कोबीचं पाणी सुटायला हवं आणि आम्ल तयार होईपर्यंत कुजवणारे जिवाणू दबून राहायला हवेत. मीठ कमी पडलं तर कोबी मऊ पडून कुजतो. फार झालं तर चांगले जिवाणूही मंदावतात.

प्रमाण लक्षात ठेवा: 1 किलो कोबीला 20 ते 25 ग्रॅम मीठ. थंडीत 20 चालतं, उकाडा असेल तर 25 घ्या. 30 च्या पुढे जाऊ नका.

वजन करायचं ते वरची पानं आणि मधला दांडा काढून, चिरून झाल्यावर. अख्ख्या गड्ड्याच्या वजनावर मीठ घातलं तर ते जास्तच पडणार. चिरलेला कोबी 1 किलो 350 ग्रॅम भरला तर मीठ 27 ते 34 ग्रॅम.

चमच्याने मोजू नका. बारीक मिठाचा सपाट चमचा साधारण 6 ग्रॅम भरतो, खडे मिठाचा त्याहून कमी, कारण खड्यांमध्ये पोकळी राहते. संकलन केंद्रावरचा मोठा काटाही यासाठी कामाचा नाही, त्यावर 20 ग्रॅम नीट कळत नाहीत. घरी छोटा डिजिटल काटा नसेल तर किराणा दुकानातून 25-25 ग्रॅमच्या पुड्या बांधून आणा. आयोडिनचं मीठ चालतं, पाणी थोडं गढूळ दिसेल इतकंच.

मीठ लावून कोबी हाताने चांगला चोळा, पाणी सुटेल. काचेच्या किंवा चिनी मातीच्या बरणीत दाबून भरा, वर थोडी जागा ठेवा. पितळ-तांब्याचं, अ‍ॅल्युमिनियमचं भांडं नको. कोबी कायम पाण्याखाली हवा, वर स्वच्छ वजन ठेवा. दुसऱ्या दिवशीही पाणी वर आलं नाही तर उकळून गार केलेल्या 1 लिटर पाण्यात 25 ग्रॅम मीठ विरघळवून ते ओता. साधं पाणी ओतलं की प्रमाण बिघडलंच. झाकण घट्ट लावू नका, आत वायू तयार होतो.

20-22 अंशांला तीन-चार आठवडे लागतात. 30 च्या आसपास आठ-दहा दिवसांत होतो, पण मऊही लवकर पडतो. म्हणून हे काम थंडीतलंच. वर पातळ पांढरी साय आली तर काढून टाका. हिरवी, काळी, गुलाबी बुरशी किंवा कुजका वास आला तर सगळंच फेका, चव घेऊन बघू नका.

नुकतीच फवारणी झालेला कोबी घेऊ नका, औषधाच्या लेबलवरचा थांबण्याचा काळ संपू द्या. घरात कुणाला बीपी असेल तर बेताने वाढा, 100 ग्रॅममध्ये 2 ग्रॅमच्या वर मीठ जातं. आणि विकायचा विचार असेल तर आधी एफएसएसएआय नोंदणी लागते.

बरणी भरून झाली की कोबीचं वजन, मिठाचं वजन आणि तारीख कागदावर लिहून बरणीला चिकटवा. काही बिघडलं तर त्या चिठ्ठीचा फोटो याच नंबरवर पाठवा.