मेडिसिनची पोस्टिंग: सहीपुरती की शिकण्यापुरती?

"पोस्टिंगला काही नसतं रे. सही झाली की निघायचं. मेडिसिन नंतर व्हिडिओवरून होऊन जातं."

हे वाक्य नागपुरात बर्डीवर सतत कानावर येतं. मेट्रोच्या दोन्ही मार्गिका सीताबर्डी स्थानकात एकत्र येतात. त्यामुळे ॲप्रनची घडी बॅगेत कोंबलेली शहरभरच्या कॉलेजांची मुलं इथं दिसतात, आणि वॉर्डात नुकतं पाऊल टाकणाऱ्या ज्युनिअरला सीनियर हा सल्ला अगदी जिव्हाळ्यानं देत असतो. शेजारच्या धंतोलीत स्वतःचा दवाखाना असलेले आईवडीलसुद्धा कधी कधी त्याला दुजोरा देतात: वॉर्डात उभं राहण्यापेक्षा पीजीच्या तयारीला लाग. यामागची काळजी खरी आहे. नीट-पीजीच्या 200 बहुपर्यायी प्रश्नांवर मुलांची पुढची वाट ठरते, तेव्हा घरचे धास्तावणारच. पण सल्ला साफ चुकीचा आहे, आणि ही चूक पुढे रुग्णाला भोवते.

'नियमात कुठं लिहिलंय' हा प्रश्न लगेच येतो, म्हणून आधी नियम. भारतीय वैद्यक परिषदेच्या 2019 च्या पदवी शिक्षणाच्या नियमांत (परिषदेची जागा 2020 मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं घेतली) 'लर्नर-डॉक्टर' नावाची पद्धत सविस्तर दिली आहे. तिच्यानुसार विद्यार्थी युनिटचा भाग असतो. युनिटच्या ॲडमिशन डेला त्यानं ओपीडीत हजर राहायचं आणि तासिका सोडून संध्याकाळी 6 पर्यंत युनिटसोबत थांबायचं. त्या दिवशी भरती झालेल्यांपैकी काही रुग्ण त्याच्याकडे सोपवले जातात. राउंडला त्यांची केस त्यानं मांडायची, आठवड्यातून आणखी किमान एका राउंडला यायचं, आणि रुग्ण घरी जाईपर्यंत त्याची प्रगती पाहत राहायची. निरीक्षणं लॉगबुकात नोंदवायची. प्रात्यक्षिकांना 80 टक्के हजेरी लागते ती वेगळी. म्हणजे सही ही या सगळ्यातली सर्वांत छोटी गोष्ट. त्याच नियमांनुसार अंतिम वर्षाच्या मेडिसिनमध्ये लेखी 200 गुणांची आणि प्रात्यक्षिक-क्लिनिकलही 200 गुणांचं. अर्धी परीक्षा खाटेशेजारी आहे.

पण नियम आणि गुण बाजूला ठेवू. मुळात व्हिडिओतून मेडिसिन का येत नाही, हा खरा मुद्दा आहे.

1975 साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये हॅम्प्टन आणि सहकाऱ्यांचा एक छोटा अभ्यास आला. मेडिसिनच्या ओपीडीत आलेले 80 रुग्ण त्यांनी घेतले आणि निदान नेमकं कोणत्या टप्प्यावर लागलं ते तपासलं. 80 पैकी 66 जणांत रुग्णाची हकीकत ऐकूनच जे निदान केलं होतं, तेच शेवटी टिकलं. शारीरिक तपासणीमुळे निदान बदललं ते 7 जणांत, आणि प्रयोगशाळेच्या तपासण्यांमुळे आणखी 7 जणांत. त्यानंतर यंत्रं कितीतरी सुधारली, हे मान्य. पण कोणती तपासणी सांगायची, हे आजही हकीकतीवरूनच ठरतं.

आणि हकीकत व्हिडिओत तयार मिळते. पडद्यावरचा रुग्ण 'परिश्रमानंतर छातीच्या मध्यभागी दाब' असं नीट सांगतो. नागपुरातल्या मोठ्या सरकारी रुग्णालयांत, 1947 पासून शिकवणाऱ्या मेडिकलमध्ये किंवा मेयोत, गडचिरोली-गोंदियापासून छिंदवाडा-बालाघाटपर्यंतचे लोक येतात. ते सांगतात, "जीव घाबरा होऊन राह्यला." यात छातीचं दुखणं आहे, दम आहे, धडधड आहे की काळजी, हे विचारून काढावं लागतं. रात्री उशा किती लागतात, झोपेतून उठून बसावं लागतं का, पाय संध्याकाळी सुजतात की सकाळी, विहिरीवरून पाणी आणताना आधी थांबावं लागायचं का. कोणता प्रश्न कुणाला कोणत्या शब्दांत विचारायचा हे दहा वेळा चुकून, अकराव्यांदा जमतं. त्यासाठी समोर माणूस लागतो.

विदर्भातली तीन उदाहरणं देतो. हातपाय दुखतात म्हणून तरुण मुलगा येतो. लहानपणापासून असं होतं का, कधी रक्त चढवलं का, घरात भावंडांना असंच आहे का, हे तीन प्रश्न विचारले की सिकलसेलचा विचार डोक्यात येतो. नाही विचारले तर तो वेदनाशामक गोळ्या घेऊन परत जातो. दुसरं स्क्रब टायफसचं. 2018 च्या पावसाळ्यात या आजारानं विदर्भाला हैराण केलं होतं. लार्व्हा चावलेल्या जागी पडणारी काळी खपली, म्हणजे एस्कार, दुखत नाही. त्यामुळे रुग्णाला ती ठाऊकच नसते. काखेत, जांघेत, कमरेच्या वळीत, स्तनाखाली ती बघावी लागते. रुग्णाच्या परवानगीनं, पडदा ओढून, कपडे बाजूला करून. वेळेवर सुरू केलेली डॉक्सिसायक्लिन जीव वाचवते, आणि सुरुवातीच्या दिवसांत रक्ताची चाचणी अनेकदा निगेटिव्ह येते. तिसरं फवारणीच्या औषधांचं. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी-शेतमजूर दगावले, ते आपण विसरलेलो नाही. ऑर्गॅनोफॉस्फरस विषबाधेत ॲट्रोपिन द्यायचं असतं हे पाठ असतं. पण किती, आणि पुरेसं झालं हे कसं ओळखायचं? छातीतली घरघर ओसरली का, नाडी वाढली का, घाम थांबला का, हे पुन्हा पुन्हा जाऊन बघावं लागतं. जो विद्यार्थी अकराला सही करून गेला, त्याला दुपारी तीनची छाती ऐकायला मिळत नाही.

आणि हाच माझा मुख्य आक्षेप आहे. रुग्णाच्या स्थितीत होणारा बदल हे मेडिसिनचं खरं काम आहे, आणि सहीपुरतं येणाऱ्याला तो कधीच दिसत नाही. न्यूमोनियाचा रुग्ण पहिल्या दिवशी कसा श्वास घेत होता, तिसऱ्या दिवशी ताप उतरला पण श्वास का उतरला नाही, पाचव्या दिवशी छातीत पाणी झालं ते आधी कुणाच्या हाताला कळलं, हा क्रम एकाच रुग्णाशी रोज बोलूनच लक्षात राहतो. श्वसनाचा दर घ्या. पूर्ण एक मिनिट मोजायचा असतो. केसपेपरवर मात्र खाटेमागून खाट '18', '20' असे आकडे दिसतात आणि त्यातले बरेचसे अंदाजानं लिहिलेले असतात. घड्याळ लावून मोजणारा एक सेकंड इयरचा विद्यार्थी त्या वॉर्डात खरोखर उपयोगी पडतो.

यावर मुलांची एक तक्रार असते आणि ती न्याय्य आहे: एका खाटेभोवती वीस-पंचवीस जण, मागच्यांना ना दिसतं ना ऐकू येतं, सर घाईत. हे खरं आहे, आणि शिकवणाऱ्यांनी त्याची लाज बाळगायला हवी. मोठे गट फोडणं, प्रत्येकाला रुग्ण सोपवणं आणि नंतर त्याच रुग्णाबद्दल विचारणं हे युनिटचं काम आहे, नियमांनीही ते युनिटवरच टाकलं आहे. पण गर्दीवर सही करून पळ काढणं हा उपाय नाही. दुपारी चारला वॉर्ड शांत असतो, नातेवाईक बसलेले असतात आणि रुग्णाला बोलायला वेळ असतो. दोघा-दोघांनी जावं, एकानं हकीकत घ्यावी, दुसऱ्यानं तपासावं, मग अदलाबदल करावी. संध्याकाळी त्या आजाराबद्दल पुस्तकात वाचावं, हवा तर व्हिडिओही पाहावा. आधी रुग्ण पाहून मग पाहिलेला व्हिडिओ डोक्यात राहतो.

आता इतर गैरसमज भराभर.

'पहिल्याच पोस्टिंगला निदान यायला हवं.' नको. 2019 च्या नियमांत दुसऱ्या वर्षासाठी हकीकत, तपासणी, बदल टिपणं आणि रुग्णाशी संवाद एवढंच आहे. तपासण्यांची निवड तिसऱ्या वर्षात, उपचारांचे निर्णय चौथ्यात.

'राउंडला माहीत नाही म्हटलं की संपलं.' उलट आहे. न ऐकलेला मर्मर ऐकला असं सांगणाऱ्यावर कुणी रुग्ण सोपवू नये. 'प्लीहा मी तपासली नाही, आत्ता तपासतो' हे उत्तर पूर्ण मार्कांचं आहे.

'विद्यार्थ्यानं रुग्णाला सुई लावायचीच नाही.' मेडिसिनच्या कौशल्यांच्या यादीत शिरेतून रक्त घेणं, सलाइन लावून थेंबांचा वेग काढणं, ऑक्सिजन देणं ही कामं स्वतंत्रपणे जमावीत अशी अपेक्षा आहे. राइल्स ट्यूब आणि लघवीची नळी देखरेखीखाली. लंबर पंक्चर आणि छाती-पोटातलं पाणी काढणं फक्त पाहायचं. उपचारांची जबाबदारी मात्र कधीच विद्यार्थ्याची नसते.

'सॅम्पल लॅबला पोचवणं म्हणजे पोस्टिंग.' अडल्या वेळी एकदा नेऊन द्यावं. पण तेच रोजचं काम झालं, तर शिक्षकांकडे जाऊन सांगण्याचा विद्यार्थ्याला पूर्ण अधिकार आहे.

'इंटर्न झालो की सर्टिफिकेट देता येतं.' नाही. वैद्यकीय प्रमाणपत्र, मृत्यूचा दाखला, मेडिकोलीगल कागद यांवर इंटर्नची सही चालत नाही. 2021 च्या इंटर्नशिप नियमांत मेडिसिनला 6 आठवडे आहेत, ते देखरेखीखाली काम करण्यासाठी.

'सीनियरनं अपमान केला तर सहन करायचं, असंच शिकतात.' महाराष्ट्रात 1999 पासून रॅगिंगविरोधी कायदा आहे आणि त्यात दोन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. चुकीबद्दल कडक बोलणं वेगळं, छळ वेगळा.

'सिस्टर आणि मामा-मावशी आपल्या हाताखाली.' मुळीच नाही. खाट क्रमांक 14 ची आजी काल रात्रीपासून बडबडतेय, हे सगळ्यांत आधी मावशींना माहीत असतं. त्यांना विचारून राउंड सुरू करणारा विद्यार्थी बहुतेकदा पुढे असतो.

'हात धुण्याचं सर्जरीत ठीक, मेडिसिनमध्ये काय.' 1847 मध्ये व्हिएन्नात सेमेलवाइसनं दाखवलं की शवविच्छेदनाच्या खोलीतून थेट प्रसूतीच्या वॉर्डात येणाऱ्या डॉक्टर-विद्यार्थ्यांच्या हातांमुळे बाया मरत होत्या. क्लोरीनच्या पाण्यानं हात धुवायला लावल्यावर मृत्यू झपाट्यानं घटले. दोन खाटांच्या मध्ये हात स्वच्छ करायचेच. स्टेथोस्कोपही.

'इंटरेस्टिंग केस आहे, फोटो काढून ग्रुपवर टाकला तर काय.' चेहरा झाकला तरी परवानगीशिवाय नाही.

आणि शेवटचा, मला सर्वांत जास्त खटकणारा: 'सरकारी रुग्णालयातला रुग्ण शिकवण्यासाठीच असतो, त्याला नाही म्हणता येत नाही.' येतं. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगानं तयार केलेल्या रुग्णहक्कांच्या सनदेत संमती आणि खासगीपणा हे हक्क आहेत, आणि फुकट उपचार घेणाऱ्यालाही ते तितकेच लागू होतात. आपलं नाव सांगावं, विद्यार्थी आहोत हे सांगावं, तपासू का म्हणून विचारावं. स्त्री रुग्णाजवळ दुसरी स्त्री असावी. बहुतेक जण हो म्हणतात, कित्येकदा आनंदानं, कारण इतका वेळ त्यांचं कुणी ऐकलेलं नसतं. एखादी बाई सकाळपासून चौथ्यांदा तेच सांगून थकली असेल आणि नको म्हणाली, तर "बरं मावशी, आराम करा, तुमच्या औषधोपचारात यानं काही कमी पडणार नाही" असं सांगून पुढच्या खाटेकडे जावं.