पांझरेचा वळसा

नरडाण्याहून रेल्वेने अमळनेरकडे निघालं, की बेटावदच्या आसपास पांझरा नदी लागते. उन्हाळ्यात हमखास कुणीतरी प्रवासी विचारतो, "ही नदी? मग पाणी कुठंय?" मी त्याला नदीचा रस्ताच सांगतो.

पांझरा उगम पावते साक्री तालुक्यात, पिंपळनेरच्या वरच्या अंगाला, सह्याद्रीत. समुद्र पश्चिमेला, पण डोंगर पाठीशी असल्यानं ती पूर्वेकडे धावते. वाटेत कान नदी मिळते. धुळं मागे टाकलं, की ती उत्तरेला वळते आणि मुडावदला कपिलेश्वर मंदिरापाशी तापीत मिसळते. तापी पश्चिमवाहिनी. म्हणजे पांझरेचं पाणी एवढा वळसा घालून सुरतेकडून अखेर त्याच अरबी समुद्राला मिळतं!

या पाण्यावर आपल्या पूर्वजांनी फड पद्धत बसवली. नदीवर दगडी बंधारा, त्यातून उतारानं वाहणारा पाट आणि शिवाराचे फड. एका फडात सगळ्यांचं एकच पीक. दरवर्षी पिकांचा फेरपालट. पाणी सोडायला पाटकरी. टंचाईच्या वर्षी किती फड भिजवायचे, ते सगळ्यांनी बसून ठरवायचं. वरच्यानं हावरेपणा केला, तर खालच्याचं पीक वाळणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

राहिला प्रवाशाचा प्रश्न. उन्हाळ्यात नदीचं पाणी वाळूत असतं, काठच्या विहिरींत असतं. वाळू उपसून नेली, की ते साठायची जागाच जाते. मग विहिरीत डोकावून आपणच विचारणार, पाणी कुठंय?